साडेपाचला बिघडणारं कॅलेंडर

"अरे, तुझं ते कॅलेंडर परत रुसलंय."

आमच्या वाचनालयाच्या चिटणीसकाकांचा हा फोन साधारण सकाळी आठच्या सुमाराला यायचा. कॅलेंडर नीट चालत असेल तेव्हा ते वाचनालयाचं असतं, बिघडलं की माझं होतं. तसं ते खरंही आहे, वेबसाइट मीच बांधलीय: वर्डप्रेस (वेबसाइट बांधायचं तयार सॉफ्टवेअर), एक साधी थीम, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग आणि कार्यक्रमांसाठी फुकट मिळणारं एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा भाग. प्लगइनचं नाव मुद्दाम देत नाही. दोष त्याचा नव्हता, बराचसा माझाच होता. आणि पुढे जे लिहितोय ते बहुतेक सगळ्या इव्हेंट कॅलेंडरांना लागू पडतं.

फोन एक असला तरी तक्रारी दोन असायच्या. काकांची स्वतःची अशी, की कॅलेंडरवर "आज" म्हणून कालची तारीख रंगलेली दिसते. सभासदांची अशी, की पुढच्या महिन्याचा बाण दाबला की गोल चक्र फिरत राहतं आणि महिना काही येत नाही. माझ्या लॅपटॉपवर यातलं काहीच कधी दिसायचं नाही. मी लॉगिन करायचो, कॅशे (वेगासाठी साठवून ठेवलेल्या पानांच्या तयार प्रती) साफ करायचो, "बघा आता" म्हणायचो. दोन्ही तक्रारी मिटायच्या. एक-दोन दिवसांनी परत फोन.

हे आठ महिने चाललं. मधल्या काळात मी प्लगइन काढून पुन्हा टाकलं, थीम बदलून पाहिली, होस्टिंगवाल्यांना दोन पत्रं लिहिली आणि त्यांची दोन साचेबद्ध उत्तरं वाचली. शेवटी वैतागून आवक-जावक वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखले: बिघाड किती वाजता दिसला, कोणाला दिसला, तो माणूस लॉगिन केलेला होता का, आणि मी कॅशे शेवटची किती वाजता साफ केली होती. तीन आठवडे नोंदी केल्या. जुने डॉक्टर ताप रोज येतो की एक दिवसाआड, सकाळी चढतो की संध्याकाळी, हे आधी विचारायचे, तसंच. पुन:पुन्हा येणाऱ्या बिघाडाच्या बाबतीत "काय बिघडलं" यापेक्षा "कधी बिघडलं" हे जास्त बोलतं.

वहीत दोन गोष्टी दिसल्या. काकांची तक्रार नेहमी पहाटेची होती आणि तेव्हा ते लॉगिन केलेले असायचे, कारण कार्यक्रम तेच भरतात. सभासदांची तक्रार उजाडल्यानंतर किंवा दिवेलागणीला सुरू व्हायची आणि त्यांच्यापैकी कोणाकडेच लॉगिन नाही. म्हणजे मी आठ महिने दोन वेगळ्या आजारांना एकच समजत होतो.

पहाटेची कालची तारीख

काका साडेचारला उठतात. पाचला चहा होतो, आणि चहाबरोबर ते वाचनालयाची साइट उघडून बघतात. पाच वाजता कॅलेंडर कालचा दिवस दाखवायचं. मला फोन करेपर्यंत आठ वाजलेले असायचे, तोवर तारीख आपोआप बरोबर झालेली असायची, आणि श्रेय मिळायचं माझ्या कॅशे साफ करण्याला. वैद्याने राख दिली आणि सर्दी सातव्या दिवशी बरी झाली, त्यातला प्रकार.

कारण अगदी साधं निघालं. वेबसाइटचा टाइमझोन यूटीसीवरच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरच, राहिला होता. भारताची प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे साइटच्या लेखी दिवस बदलायचा तो आपल्या पहाटे साडेपाचला. काका पाचला बघत होते, साइट अजून काल रात्रीतच होती.

डॅशबोर्डमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, तिथे टाइमझोन. यादीत मुंबई किंवा पुणे शोधू नका, सापडणार नाही. आशियाच्या गटात "कोलकाता" आहे, संपूर्ण भारतासाठी तेवढं एकच नाव. (मुंबईकरांनी वाईट वाटून घेऊ नये. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी शहरात त्याच्या ३९ मिनिटं मागे चालणारी "बॉम्बे टाइम" पुढे कितीतरी वर्षं टिकून होती. तेवढा हट्ट पुरे.) निवड करून सेव्ह केलं की त्याच पानावर साइटची स्थानिक वेळ लिहून येते. ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर आठ महिने वाचले असते.

इथे एक खाच आहे. टाइमझोन बदलला म्हणून आधी भरलेले कार्यक्रम सुधारतीलच असं नाही. बरीचशी प्लगइनं कार्यक्रम भरतानाच त्याची वेळ दोन प्रकारे साठवतात, एक स्थानिक आणि एक यूटीसी. काहींमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला त्याचा स्वतःचा टाइमझोन चिकटलेला असतो. आमच्याकडे संध्याकाळी ६ चं व्याख्यान पानावर ६ चंच दिसत होतं, पण "माझ्या कॅलेंडरमध्ये जोडा" हे बटण दाबणाऱ्याच्या फोनमध्ये ते रात्री ११:३० ला जाऊन बसायचं. सभासदांपैकी कोणी ते बटण वापरत नव्हतं म्हणून बोंब झाली नाही, इतकंच. टाइमझोन बदलल्यावर पुढच्या तारखांचे सगळे कार्यक्रम एकेक करून उघडले, त्यांच्या आतला टाइमझोन दुरुस्त केला आणि पुन्हा सेव्ह केले. चाळीसेक होते. एका दुपारचं काम.

टाइमझोनच्या त्याच यादीत अगदी खाली "यूटीसी+५:३०" असाही पर्याय असतो. भारतात तो निवडला तरी काही बिघडत नाही, कारण आपल्याकडे घड्याळं पुढे-मागे करायची पद्धत नाही. परदेशात मात्र हीच निवड महागात पडते. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एका मराठी मंडळाचं संकेतस्थळ सांभाळते. तिने उन्हाळ्यात साइट उभारली तेव्हा शहराच्या नावाऐवजी "यूटीसी-४" निवडलं, त्या दिवसांत ते बरोबरच होतं. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि अमेरिकेतली घड्याळं ३ नोव्हेंबरच्या रविवारी एक तास मागे गेली. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याच्या पुढच्या शनिवारी. पानावर संध्याकाळी ५, आणि ज्यांनी तो फोनच्या कॅलेंडरमध्ये घेतला होता त्यांच्याकडे ४. दहा-बारा कुटुंबं नटूनथटून तासभर आधी हजर, आणि हॉलला कुलूप. तिथे न्यूयॉर्कचं नाव निवडायला हवं होतं. मग मार्च आणि नोव्हेंबरमधला बदल वर्डप्रेस स्वतःच सांभाळतं. तुमचं कॅलेंडर वर्षातून फक्त दोनदा, मार्चमध्ये आणि शरद ऋतूत बिघडत असेल तर याखेरीज दुसरीकडे शोधायला जाऊ नका. ब्रिटनमध्ये त्या तारखा मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येतात.

तिचीच आणखी एक गंमत. पूर्ण दिवसाचे कार्यक्रम तिला एक दिवस आधी दिसायचे, १५ ऑगस्टचं ध्वजवंदन १४ ला. तोच पत्ता मी इथून उघडला की १५ च. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट नुसती तारीख वाचते, म्हणजे वर्ष-महिना-दिवस एवढंच, तेव्हा ती यूटीसीची मध्यरात्र समजते. ती वेळ भारतात त्याच तारखेची पहाट असते, अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ. याच्या उलट, भारतातल्या मध्यरात्रीचं यूटीसीत रूपांतर करून त्यातली तारीख तेवढी कापून घेतली की आपल्याकडे एक दिवस मागे जातो. म्हणून "तारीख एक दिवस चुकते" एवढ्यावर थांबू नका. ती कुठे बसलेल्या माणसाला चुकीची दिसते ते विचारा. फक्त पश्चिमेकडच्यांना चुकत असेल तर गडबड वाचताना होतेय. इथल्यांना चुकत असेल तर बहुधा साठवताना किंवा रूपांतरात.

फिरतं चक्र

टाइमझोन दुरुस्त केला. काका पाचला उठले, तारीख बरोबर होती, त्यांनी पेढे नाही तरी निदान फोन केला नाही. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालताईंचा निरोप: बाण चालत नाही.

वही पुन्हा काढली. कॅशे साफ केल्यापासून बिघाड होईपर्यंत किती तास गेले ते मोजलं तर काही मेळच लागेना. कधी वीस तास, कधी साडेबारा, एकदा तर एकोणीस. मग तासांची वजाबाकी सोडून दिली आणि नुसती बिघडल्याची वेळ पाहिली. सकाळी साफ केलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचनंतर. रात्री साफ केलं असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचनंतर. पुन्हा साडेपाच! आणि टाइमझोन तर मी दुरुस्त केला होता.

माझी पहिली शंका अशी की टाइमझोन कुठेतरी अजून अर्धवट राहिलाय. त्यात आणखी चार दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

झालं होतं असं. कॅलेंडरचं पान सर्व्हरवरून निघताना त्यात एक छोटं टोकन लिहिलेलं असतं. वर्डप्रेसच्या भाषेत त्याला नॉन्स म्हणतात. बाण दाबला की ब्राउझर ते टोकन दाखवून पुढचा महिना मागतो. या टोकनाला मुदत असते. वर्डप्रेस काळाचे बारा-बारा तासांचे तुकडे पाडतं, आणि टोकन ज्या तुकड्यात तयार झालं तो आणि त्याच्या पुढचा, एवढ्या काळातच ते चालतं. म्हणजे आयुष्य कमीत कमी बारा तास, जास्तीत जास्त चोवीस. तुकड्यांच्या हद्दी मात्र यूटीसीच्या मध्यरात्री आणि यूटीसीच्या दुपारी बाराला पडतात. आपल्याकडे त्या वेळी पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. साइटचा टाइमझोन काहीही ठेवा, या हद्दी हलत नाहीत, कारण हा हिशेब १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांवर चालतो.

एवढ्याने काही बिघडलं नसतं. पान दर वेळी ताजं निघालं असतं तर टोकनही ताजं मिळालं असतं. पण वेगाच्या चाचणीत गुण वाढतात म्हणून मी कॅशेच्या प्लगइनमध्ये पानाची मुदत एक आठवडा ठेवली होती. म्हणजे सोमवारी सकाळी तयार झालेलं पान, त्यात सोमवारचं टोकन, आणि तेच पान रविवारपर्यंत सगळ्यांना वाटलं जाणार. मंगळवारी पहाटे साडेपाचला टोकन मेलं, पान जिवंत राहिलं. लॉगिन केलेल्यांना कॅशेतलं पान सहसा दिलं जात नाही, म्हणून मला आणि काकांना बाण नेहमीच चालताना दिसला.

यातली सगळ्यात विनोदी बाब ही की कॅलेंडरची माहिती कोणालाही मोकळी आहे. ब्राउझरने टोकन न दाखवता पुढचा महिना मागितला असता तर वर्डप्रेसने मुकाट्याने दिला असता. जुनं टोकन दाखवलं म्हणून हाकललं. नाटक फुकट, पण कालचं तिकीट हातात धरून आलात तर दारावरूनच परत, असा हा कारभार.

तुमच्याकडे हेच आहे का ते ओळखायला पाच मिनिटं लागतात. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे लॉगिन नसेल. एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडा आणि मग कॅलेंडरचा बाण दाबा. यादीत एक लाल ओळ येईल. तिच्यावर टिचकी मारा. ४०३ (म्हणजे "परवानगी नाही") आणि खाली "कुकी चेक फेल्ड" असा मजकूर दिसला तर रोग हाच. काही जुनी प्लगइनं दुसऱ्या वाटेने माहिती मागतात, तिथे उत्तरात नुसतं "-१" दिसतं, अर्थ तोच. ४०३ आहे पण मजकूर सर्व्हरच्या सुरक्षेचा वगैरे असेल तर तुमच्या सुरक्षा-प्लगइनने किंवा होस्टिंगच्या फायरवॉलने वाट अडवलीय. ते दुखणं वेगळं, आणि ते साडेपाचची वाट बघत नाही, सदासर्वकाळ असतं. लाल ओळच येत नसेल आणि कन्सोलच्या टॅबमध्ये जेक्वेरीबद्दल (जावास्क्रिप्टचा एक तयार संच) तक्रार असेल तर एखादी जुनी थीम किंवा प्लगइन नव्या जेक्वेरीशी जुळवून घेत नाहीये. वर्डप्रेस ५.५ आणि ५.६ या २०२० च्या आवृत्त्यांमध्ये ती बदलली, तेव्हापासून अशा तक्रारी सुरू आहेत.

उपाय: कॅशेतल्या पानाची मुदत बारा तासांच्या आत आणा. मी दहा तास ठेवली. टोकन किमान बारा तास जगतंच, त्यामुळे पान आधी मरतं आणि टोकन नंतर. त्याखेरीज कॅलेंडरचं पान कॅशेतून वगळलं, म्हणजे ते नेहमी ताजंच निघतं. पण मुख्यपानावर कॅलेंडरचा छोटा चौकोन असेल तर तेही पान त्यात आलं, हे विसरू नका. मी विसरलो होतो. साइटपुढे सीडीएन (पानांच्या प्रती वाटणारे मधले सर्व्हर) लावलेलं असेल तर तिथली मुदतही तपासा, नाहीतर इथली दहा तासांची शिस्त तिथे पाळलीच जात नाही. याचा एक आनुषंगिक फायदा झाला: "आगामी कार्यक्रम" या यादीत गेल्या आठवड्यात झालेलं व्याख्यान दिसणंही थांबलं. तेही शिळ्या पानाचंच काम होतं.

वेगाच्या चाचणीतले चार गुण गेले. जाऊ देत.

वहीतल्या बाकीच्या नोंदी

मोठी दुखणी गेल्यावर बारीकसारीक दिसायला लागतात. रात्री बाराला प्रसिद्ध होणार म्हणून लावून ठेवलेली सूचना सकाळी नऊला उगवायची. वर्डप्रेसचं वेळापत्रक कोणीतरी साइटवर येईल तेव्हाच पुढे सरकतं, त्याला स्वतःचा गजर नाही. आमच्या साइटवर रात्री येतो कोण? शिवाय कॅशेतलं पान घेऊन जाणारा पाहुणा बऱ्याचदा त्याच्या हिशेबात धरलाच जात नाही. होस्टिंगच्या सी-पॅनेलमध्ये क्रॉन जॉबचा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांचा, विभाग असतो. तिथून दर पंधरा मिनिटांनी वर्डप्रेसची क्रॉन फाइल चालवली आणि कॉन्फिग फाइलीत वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन बंद केलं. प्रश्न मिटला. क्रम मात्र हाच ठेवा. आधी दुसरं बंद करून पहिलं सुरू करायला विसरलात तर काहीच चालणार नाही.

कधीकधी अपडेटनंतर कार्यक्रमाचं पान "सापडलं नाही" म्हणतं. सेटिंग्जमधल्या परमालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता सेव्ह दाबा, बहुतेक वेळा एवढं पुरतं. दर अपडेटला हे करावं लागत असेल तर तुम्ही "कार्यक्रम" नावाचं एखादं साधं पान बनवलंय का ते बघा, कारण प्लगइनलाही तोच पत्ता हवा असतो. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं.

पत्त्यांवरून आठवलं, मराठीत शीर्षकं लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. आमच्या व्याख्यानमालेच्या कार्यक्रमांची शीर्षकं अशी असायची: "शारदीय व्याख्यानमाला पुष्प पहिले", "पुष्प दुसरे" वगैरे. त्यावरून वर्डप्रेसने बनवलेले पत्ते बघितले तर पहिला "शारदीय-व्याख्यानमाला-पुष" असा अर्धवट तुटलेला आणि दुसरा "शारदीय-व्याख्यानमाला-पु-2". पुष्पाच्या पाकळ्या गळत चाललेल्या! कारण असं की पत्त्यासाठी जागा २०० अक्षरांची असते, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे टक्क्यांच्या सांकेतिक लिपीत साठवलं जातं आणि त्याला नऊ जागा लागतात. काना, वेलांटी, पायमोडीचं चिन्ह, सगळं वेगवेगळं मोजायचं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. "व्याख्यानमाला" या एका शब्दातच तेरा संपतात. सगळ्या पुष्पांचं शेपूट कापलं गेलं की पत्ते सारखे होतात, मग वर्डप्रेस मागे आकडे जोडतं, आणि कोणतं पुष्प कुठलं ते कोणालाच कळत नाही. व्हॉट्सअपवर फिरलेली चुकीची लिंक हा आमच्याकडे दर वर्षीचा कार्यक्रम होता. आता काकांना सांगून ठेवलंय: शीर्षक मराठीत, पण खालच्या पत्त्याच्या चौकटीत रोमन अक्षरांत छोटं नाव, वर्ष आणि क्रमांक. एकदा प्रसिद्ध झाल्यावर मात्र पत्त्याला हात लावायचा नाही.

काकांची एक्सेलची यादी हा आणखी एक मासिक सोहळा. दर महिन्याला ते कार्यक्रमांची यादी पाठवायचे, मी ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल) करून आत घ्यायचो, आणि दर महिन्याला निम्मे कार्यक्रम भलत्याच महिन्यांत विखुरलेले, बाकीचे गायब. नीट बघितल्यावर लक्षात आलं: १ ते १२ तारखेचे विखुरतात, १३ पासूनचे गायब होतात. पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिला) तिरप्या रेघेची तारीख दिली की ती अमेरिकन पद्धतीने आधी महिना, मग दिवस अशी वाचते. त्यामुळे ०५/०८ हा ५ ऑगस्ट न राहता ८ मे होतो. १५/०८ मध्ये पंधरावा महिना कुठून आणणार? ती तारीखच वाचता येत नाही, आणि कार्यक्रम थेट १ जानेवारी १९७० ला जाऊन पडतो. कॅलेंडर मागे मागे नेत १९७० पर्यंत गेलो तर तिथे आमचे सतरा कार्यक्रम दाटीवाटीने बसलेले. तारखेत देवनागरी आकडे असतील तरीही नशिबी तेच वर्ष. यादीतल्या तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आडव्या रेघेने जोडून आणि इंग्रजी आकड्यांत लिहिल्या की हे कायमचं थांबतं. एक्सेल त्या स्वतःहून बदलू बघतं, म्हणून तो स्तंभ आधीच "टेक्स्ट" करून घ्या.

तीन दिवसांच्या व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये येत नसेल तर त्यामागेही एक नियम आहे. आयकॅलेंडरच्या (कॅलेंडरं एकमेकांना कार्यक्रम ज्या साच्यात देतात त्याच्या) प्रमाणात पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमाची शेवटची तारीख ही "इथपर्यंत, पण ही सोडून" अशी धरतात. १० ते १२ चा कार्यक्रम तिथे १० ते १३ असा लिहावा लागतो. प्लगइनने हे केलं नसेल तर अपडेट शोधा. तोवर दिवसाच्या वेळा घालून तीन वेगळे कार्यक्रम करा. आणि हो, गूगल कॅलेंडरला तुमची लिंक दिली असेल तर दुरुस्ती तिथे लगेच दिसणार नाही. ते आपल्या सवडीने, काही तासांनी ताजी प्रत घेतं. दुरुस्ती बरोबर असूनही मी एकदा ती तीनदा "दुरुस्त" केली होती.

तुमचा बिघाड येत-जात नसेल, अखंड असेल, तर वहीचा उपयोग नाही. मग "हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग" नावाचं प्लगइन घ्या. त्यात फक्त तुमच्यापुरती बाकीची सगळी प्लगइनं बंद करून एकेक चालू करत जाता येतं, आणि पाहुण्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. आधी बॅकअप. हे मी सांगायची गरज नाही, पण मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

पौर्णिमेचं काय

एका दुखण्याला मात्र सेटिंग नाही. कॅलेंडरमध्ये "पुन्हा पुन्हा होणारा कार्यक्रम" अशी सोय असते, आणि काकांना ती फार आवडली. त्यांनी २०२४ चं गणेश स्थापनेचं व्याख्यान ७ सप्टेंबरला लावलं आणि "दर वर्षी" वर खूण केली. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. आमच्या साइटवर मात्र ७ सप्टेंबरला गणेश स्थापना. बाप्पा आदल्या दिवशी गावाला गेलेले, आणि त्या रात्री वर चंद्रग्रहण.

या पुनरावृत्तीला इंग्रजी तारखा आणि वार एवढंच कळतं. "दर महिन्याचा दुसरा शनिवार" तिला अचूक जमतो. "दर महिन्याची ३१ तारीख" सांगितली तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना ती गाळते आणि वर्षात सातच कार्यक्रम होतात. तिथे "महिन्याचा शेवटचा दिवस" असा पर्याय निवडायचा. तिथी तिच्या बुद्धीबाहेरची आहे. आमच्याकडे दर पौर्णिमेला काव्यवाचन असतं. दोन पौर्णिमांत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे "दर महिन्याला" असं लावलं की दर खेपेला साधारण दिवसाने चुकत जातं. वर्षअखेरीला आमची पौर्णिमा पार कृष्ण पक्षात पोचली होती.

आता दर डिसेंबरात काका भिंतीवरची दिनदर्शिका काढून समोर बसतात, ते तिथी वाचतात आणि मी तारखा भरतो, एकेक स्वतंत्र कार्यक्रम म्हणून. २०२६ च्या भरत होतो तेव्हा बारा झाल्यावर मी लॅपटॉप मिटायला लागलो.

"थांब," काका म्हणाले, "अधिक ज्येष्ठ आहे. मे महिन्यात दोन येतात, एक सुरुवातीला, एक अखेरीला. तेरा लाव."